वर पाहिलं म्हणजे हो

चन्नम्मा आक्कांनी डोळे मिटले.

आमच्या अतिदक्षता विभागात त्यांच्याशी बोलायची एक पद्धत ठरली होती. वर पाहिलं म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नाही. सिस्टर शिवांजलीनं ती बसवली होती आणि आक्कांनी ती एका दुपारीतच उचलली होती. त्यांच्या अंगात तेवढंच हलत होतं.

"नाही?" मी पुन्हा विचारलं.

त्यांनी डोळे उघडले, नीट माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

माझ्या मागं डॉ. योगीराज उभे होते. ते कान-नाक-घशाचे सर्जन. आठवड्यातून एकदाच लातूरहून धाराशिवला येतात. त्यांच्या हत्यारांचा ट्रे उघडायचाच बाकी होता.

"अर्पिता मॅडम, नवऱ्याची सही झालीय," ते म्हणाले.

"पेशंट शुद्धीवर आहे."

"शुद्धीवर आहे म्हणून घाबरलीय. कोण घाबरणार नाही? गळ्याला भोक पाडायचं म्हटल्यावर मीही डोळे मिटेन."

"मग मी तुमचीही संमती मिळेपर्यंत थांबेन."

ते हसले आणि मोबाइल काढून खुर्चीत बसले. "चार वाजेपर्यंत आहे मी. तोवर जमवा."

चन्नम्मा आक्कांचं लोहाऱ्यात, तहसील कचेरीच्या रस्त्यावर, कडक भाकरीचं दुकान आहे. ज्वारीच्या पातळ, वाळवलेल्या भाकरी आणि शेंगाचटणी. महिन्यापूर्वी त्यांना जुलाब झाले आणि थांबले. नंतर पायाला मुंग्या यायला लागल्या. मग एका सकाळी पीठ मळता येईना. दुसऱ्या दिवशी उभं राहता येईना. इथं आणलं तेव्हा त्यांना एक वाक्य एका श्वासात पुरं करता येत नव्हतं. शरीराची प्रतिकारशक्ती कधीकधी वाट चुकते आणि नसांवरचं आवरणच सोलून काढते. तसा हा आजार. मेंदू पूर्ण जागा असतो, कान ऐकत असतात, अंग मात्र आज्ञा पाळत नाही. यातली चांगली गोष्ट ही, की ते आवरण पुन्हा येतं. सावकाश येतं, पण येतं. तोवर माणसाला जिवंत ठेवायचं असतं, म्हणजे मुख्यतः श्वास चालू ठेवायचा असतो.

माझ्या पदाला भूलतज्ज्ञ म्हणतात. प्रत्यक्षात माझा बराचसा वेळ लोकांच्या श्वासाची वाट मोकळी ठेवण्यात जातो.

आक्कांच्या तोंडातून एक नळी स्वरयंत्रामधून श्वासनलिकेत गेलेली होती आणि तिला व्हेंटिलेटर जोडलेला होता. अशी नळी काही दिवस ठीक. पुढं ती स्वरयंत्राला घासते, तोंड साफ करता येत नाही, आणि चिकट कफानं ती बंद पडते. काल सकाळी आक्कांची नळी जवळजवळ बंद पडली होती. त्यांचे ओठ काळे पडायला लागले, तेव्हा कुठं आम्हाला ती मोकळी करता आली. म्हणून आज गळ्याच्या खालच्या भागात श्वासनलिकेला छेद देऊन तिथं आखूड नळी बसवायची होती. खाटेवरच, कारण त्यांना हलवणं जास्त धोक्याचं. ती बसली की तोंड मोकळं, गुंगीचं औषध बंद, आणि अंगात ताकद येईल तसा व्हेंटिलेटरही कमी करता आला असता. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबलो, तर ती नळी पुन्हा कधी बंद पडेल हे मला सांगता येत नव्हतं.

मी स्टूल ओढून त्यांच्या नजरेसमोर बसले.

"आक्का, दुखेल म्हणून नको?"

डोळे मिटले.

"आवाज कायमचा जाईल असं वाटतंय? तो परत येतो."

मिटले.

"घरच्यांना विचारायचंय?"

मिटले. या वेळी जरा जास्त वेळ.

मग त्यांची नजर खाली गेली, छातीकडे. वर आली, माझ्यावर थांबली, पुन्हा खाली गेली. शिवांजलीनं मॉनिटरच्या चिकटपट्ट्या तपासल्या, गाऊन सरळ केला, खांद्याखालची चादर काढून पुन्हा घातली. "खाज सुटली का आक्का?" नाही. "ओझं वाटतंय छातीवर?" नाही. आक्कांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे गेलं.

"अशाच रडतात मॅडम," शिवांजली हळू आवाजात म्हणाली. ती अणदूरची, कामात चपळ आणि बोलायला मोकळी. "नाकातल्या नळीतून दूध-पेज सोडली की दर वेळेला. मी पोट बघते, नळी बघते. सगळं जागच्या जागी."

मी बंडप्पांना आत बोलावलं. ते आक्कांचे यजमान. उंच, वाकलेले, तोंडावर मास्क उलटा लावलेला.

"त्या नको म्हणतात," मी सांगितलं. "कारण मला कळत नाहीये. तुम्ही बोलून बघा."

"ती नको म्हनली?" त्यांना ते खरं वाटेना. "तिला इचारलं तुमी?"

"हो."

"आमाला वाटलं, तिला काय कळंना झालंय."

"त्यांना सगळं कळतं. आल्यापासून कळतंय."

बंडप्पा खाटेवर ओणवे झाले आणि आक्कांच्या कपाळावर हात ठेवला. "चन्नम्मा. अगं, डॉक्टर भल्यासाठी सांगायलेत." ते ओणवे झाले तसा त्यांच्या सदऱ्याचा गळा पुढं लोंबला आणि आतून दोन दोरे बाहेर आले. दोन्ही दोऱ्यांना चांदीची एकेक डबी. एक मोठी, झिजून गुळगुळीत. दुसरी लहान.

आक्कांची नजर त्या लहान डबीवर गेली आणि तिथून हलेना.

लिंगायत घरांत इष्टलिंग गळ्यात असतं, हे मला ठाऊक होतं. दोन का, हे ठाऊक नव्हतं.

"बंडप्पा, ही दोन कशी?"

त्यांनी पटकन सदरा आवळला. चोरी सापडल्यासारखा चेहरा झाला. "एक तिचं हाय."

"तुमच्या गळ्यात?"

"तिला आणलं त्या दिशी, नळी घालताना, समदं काढून दिलं ना पिशवीत. मंगळसूत्र, बांगड्या, आन हे. म्हनले आत काय धातू ठिवायचं न्हाय. आता लिंग पिशवीत कसं ठिवावं? ते अंगावर लागतं. जिता मानूस ते अंगावरनं उतरवत न्हाय, मॅडम. मग म्या घातलं. दोगांचं बी. म्हनलं, कुणाच्या तरी अंगाला राहू दे."

"हे आम्हाला का नाही सांगितलं?"

"आपरेशन गळ्याचं. आन हे बी गळ्यातलं. मदी अडचण केली तर तुमी करायचंच न्हाय म्हनाल. लोक हसत्यात बी." ते जमिनीकडे बघत होते. "आन ती आंघोळ करून लिंगाची पूजा केल्याबिगर पाणी बी घेत न्हाय. उगं तिला आठवण कशाला द्यायची, म्हनून म्या तिच्यापुढं कदी काढलं न्हाय."

शिवांजलीच्या हातातली सिरिंज थांबली. "म्हणजे मी रोज पेज सोडत होते..." ती म्हणाली.

मी आक्कांच्या जवळ गेले. "आक्का, लिंग अंगावर नाही, म्हणून नको म्हणता?"

डोळे वर गेले. इतके वर, की खालचं सगळं पांढरं दिसलं.

"ते अंगावर असेल तर करायचं?"

पुन्हा वर.

इथपर्यंत आल्यावर उरलेलं काम सोपं असेल, असं मला वाटलं. ते तसं नव्हतं. गळा तर डॉ. योगीराजांना लागणार होता. शिवांजलीनं डबी आक्कांच्या डाव्या तळहातावर ठेवून मुठीसारखी बोटं दुमडली, तसे आक्कांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"हातात नको, सिस्टर," बंडप्पा घाईनं म्हणाले. "बसून पूजेला हातावर घेत्यात. पर मूठ मिटून देत्यात ती शेवटी. मातीत ठिवताना."

शिवांजलीनं डबी लगेच उचलली. "चुकलं आक्का. मला माहीत नव्हतं."

"कंबरेला?" मी विचारलं.

"बेंबीच्या खाली न्हाय."

"दंडाला?"

बंडप्पा विचारात पडले. "दंडाला बांधत्यात. परवासात, कामात. आमचा आजा बांधायचा."

"मी आक्कांना विचारतेय."

आक्कांनी वर पाहिलं.

उजव्या हाताला सलाइन, डाव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा. पट्टा आम्ही पायाला हलवला. राहिली डबी. रक्तस्राव थांबवायला योगीराज विजेवर चालणारं उपकरण वापरणार होते, आणि अशा वेळी अंगाला धातू लागून असलेला मला नको होता. मी तसं आक्कांना सांगितलं, जसं कुठल्याही समजूतदार माणसाला सांगितलं असतं. "डबी बंडप्पांकडे. लिंग कापडात गुंडाळून दंडाला. चालेल?"

त्यांनी थोडा वेळ घेतला. मग वर पाहिलं.

बंडप्पांनी हात धुतले. शिवांजलीनं निर्जंतुक कापडाची घडी दिली. त्यांनी पाठ फिरवून डबी उघडली, काय ते मनात म्हटलं, आणि ती घडी आक्कांच्या दंडाला बांधली. आक्का त्यांच्याकडे बघत होत्या, आणि नजर फारशी प्रेमळ नव्हती.

"रागावलीय," बंडप्पा म्हणाले. "मला वळकू येतं."

"मग बरं लक्षण आहे," डॉ. योगीराज उठून म्हणाले. "चला. चहाची वेळ झालीय, त्याच्या आत आटपू."

खाटेच्या डोक्याकडची जागा माझी. तिथून मला रोग्याचा चेहरा उलटा दिसतो. आक्कांना मी सांगितलं, "आता झोपेचं औषध देते. उठाल तेव्हा तोंड मोकळं असेल." त्यांनी वर पाहिलं, म्हणजे माझ्याकडेच पाहिलं, आणि हळूहळू पापण्या उतरल्या.

खांद्याखाली गुंडाळलेली चादर सरकवली, मान मागं गेली, गळा वर आला. चिकटपट्टी सोडून तोंडातली नळी मी माझ्या बोटांत धरली. ती मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. यावरून योगीराज मला नेहमी चिडवतात.

"आज तरी वेळेवर सोडा मॅडम. लेक सासरी पाठवल्यासारखं करता."

"तुमचं घर तयार आहे याची खात्री झाली की पाठवते."

शिवांजली मास्कच्या आत हसली.

ते काम करू लागले. त्यांचा हात चांगला आहे, रक्त जास्त येऊ देत नाहीत. श्वासनलिकेच्या कड्या दिसू लागल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि मी नळी थोडी खाली सरकवली, म्हणजे तिच्या टोकाशी असलेला हवेचा फुगा त्यांच्या सुरीखाली येणार नाही. छेद झाला. आता उलटं काम. फुग्यातली हवा काढायची आणि नळी हळूहळू वर ओढायची. तिचं टोक छेदाच्या जेमतेम वर आलं की थांबायचं.

मी ओढू लागले, आणि मॉनिटरचा आवाज मंदावला.

या आजारात हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसांचाही भरवसा नसतो. घशात काही हललं की ठोके एकदम उतरतात. हे होणार हे मला माहीत होतं, औषध भरून ठेवलेलं होतं. तरी दोन ठोक्यांमधलं अंतर लांबत जातं तेव्हा ते लांबच वाटतं.

"हात काढा," मी म्हटलं. योगीराजांनी हात वर घेतले. "शिवांजली, अ‍ॅट्रोपिन."

तिनं दिलं. आम्ही तिघं आवाज ऐकत राहिलो. एक ठोका. मग एक. मग दोन जवळजवळ. मग नेहमीसारखे.

"चला," मी म्हटलं, आणि नळी अर्धं बोट आणखी वर घेतली.

"टोक दिसेनासं झालं," योगीराज म्हणाले. "घालतोय." त्यांनी नवी आखूड नळी छेदातून आत सरकवली. "गेली. काढा तुमची."

"थांबा. आधी जोडा."

शिवांजलीनं व्हेंटिलेटर नव्या नळीला जोडला. मॉनिटरवर एक पिवळी रेघ असते. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड ती मोजते. हवा फुफ्फुसात जाऊन परत आली तरच ती टेकडीसारखी उठते.

रेघ सपाट होती.

"गेलीय ती," योगीराज म्हणाले. "मला हाताला जाणवलं. ऑक्सिजन बघा की, अठ्ठ्याण्णव आहे."

ऑक्सिजनचा आकडा उशिरा पडतो. आधी भरून ठेवलेल्या शिदोरीवर शरीर काही काळ चालतं. तो आकडा खरं सांगेपर्यंत वेळ गेलेली असते.

"रेघ नाही, डॉक्टर."

"सेन्सर ओला झाला असेल. तुम्ही तुमची काढा, मग बसेल ती नीट."

"नाही. तुमची काढा."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग नळी बाहेर घेतली. ती श्वासनलिकेत गेलीच नव्हती, तिच्या पुढच्या मऊ भागात घुसली होती. माझी नळी अजून स्वरयंत्राच्या आतच होती. मी ती छेदाच्या पलीकडे खाली सरकवली, फुगा भरला. शिवांजलीनं व्हेंटिलेटर परत माझ्या नळीला जोडला. आक्कांची छाती उचलली गेली. पिवळी रेघ चढली, सपाट चालली, उतरली, पुन्हा चढली.

शिवांजलीनं डाव्या दंडावरची घडी जागेवर आहे ना, ते बोटानं पाहिलं.

"किती वेळ देता मला?" योगीराजांनी विचारलं. आवाजातली थट्टा गेली होती.

"हवा तेवढा. त्या माझ्याकडे आहेत."

त्यांनी दिवा सरकवून घेतला, छेदाच्या दोन्ही कडांना टाका घालून त्या वर उचलून धरल्या, रक्त टिपलं. मग पुन्हा तेच सगळं. फुगा, अर्धं बोट, थांबणं. या वेळी ठोके थोडेच उतरले आणि स्वतःच सावरले. नवी नळी आत गेली, व्हेंटिलेटर जोडला, आणि आम्ही तिघांनी एकाच जागी पाहिलं.

टेकडी उठली. मग दुसरी, मग तिसरी. दोन्ही फुफ्फुसांवर आवाज ऐकून झाल्यावर मी माझी नळी बाहेर काढली.

"गेली बाबा सासरी," योगीराज म्हणाले. हातमोजे काढताना ते थोडा वेळ मॉनिटरपाशीच उभे राहिले. "मघाशी तुम्ही काढली असती तर..." त्यांनी हातमोजे कचऱ्यात टाकले. "आज चहा माझ्याकडून. समोसाही घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांच्या ओठांवर कुठलीही नळी नव्हती. शिवांजलीनं त्यांचं तोंड धुतलं, केस विंचरले आणि खाटेची डोक्याकडची बाजू उभी केली. डाव्या कोपराखाली उशी ठेवली. बंडप्पा स्वच्छ धोतर नेसून आले. त्यांनी आक्कांचा उघडा तळवा आपल्या तळव्यावर घेतला आणि त्यावर लिंग ठेवलं. बोटं दुमडली नाहीत. थोडं पाणी, भस्म. विभागात कुणी आवाज केला नाही. ते झाल्यावर शिवांजलीनं विचारलं, "आक्का, आता पेज देऊ?"

आक्कांनी वर पाहिलं. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत, आणि नंतरही नाहीत.

सुधारणा पायापासून नाही, खांद्यांपासून सुरू झाली. मग एका सकाळी अंगठा हलला. व्हेंटिलेटर आधी दिवसा थोडा वेळ बंद, मग दिवसभर, मग रात्रीही. गळ्यातल्या नळीवर एक लहानशी झडप बसवतात. श्वास तिच्यातून आत येतो, पण बाहेर स्वरयंत्रातूनच जातो, म्हणून बोलता येतं. ती बसवली तेव्हा बंडप्पा समोर उभे होते.

"काहीतरी बोला," मी म्हटलं.

आक्का खोकल्या. आवाज घोगरा, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. "दुकान?"

"बंद हाय," बंडप्पा म्हणाले.

"बंद?" श्वास. "मग खाता काय?"

"इथं. कँटीनमधी."

"दिसतंय." श्वास. "माझं लिंग... तुमी घालून हिंडला."

"तुज्यासाठीच जपलं की. म्हनलं, जवळ राहू दे."

"तुमच्याजवळ. माझ्याजवळ न्हाय." त्या दमल्या. शिवांजलीनं थांबायची खूण केली, पण त्या थांबल्या नाहीत. "मला वाटलं... आता नेत्यात. म्हनून काढलं. कुणी सांगंना. समदे माझ्यावरनं बोलायचे... माझ्याशी कुणी न्हाय."

बंडप्पांनी मान खाली घातली. "चुकलंच," ते म्हणाले. "लई चुकलं." मग मान वर करून, "तुज्या आवाजाला काय झालं न्हाय बग. तसाच हाय. शिव्या देतानाचा."

आक्का हसल्या. हसताना झडपेतून शिट्टीसारखा आवाज आला आणि त्याचंच त्यांना पुन्हा हसू आलं.

नळी काढायचा दिवस आला तेव्हा डॉ. योगीराज मुद्दाम थांबले होते. मी नेहमीच्या स्टुलावर बसले. "आक्का, आज ही काढायची. काढू?"

आक्कांनी वर पाहिलं.

"तोंडानं बोला की आता," शिवांजली म्हणाली.

"सवय लागली," आक्का म्हणाल्या. "सोपं पडतं. भाकरीवाली लई बोलती म्हनत व्हते लोक."

नळी निघाली. मी छेदावर घडी ठेवून पट्टी लावली, आणि ती घडी बोटानं दाबून त्यांना खोकायला सांगितलं. त्या खोकल्या. मग नाकातोंडानं एक मोठा श्वास घेतला आणि सोडला. असा छेद बहुतेक वेळा आपोआप मिटतो. त्यांचाही मिटला. तिथं एक आडवी, फिकी खूण राहिली.

घरी जायच्या दिवशी त्या खाटेच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. अजून आधाराशिवाय चालता येत नव्हतं, पायांना वेळ लागणार होता. दंडावरची कापडी घडी सोडून झाली होती. लिंग पुन्हा त्या लहान चांदीच्या डबीत होतं, आणि डबीला नवा दोरा. आक्कांनी तो गळ्यात घातला, दोन्ही टोकं पुढं घेतली आणि गाठ मारू लागल्या. बोटं अजून जाड होती. पहिल्यांदा दोरा निसटला. दुसऱ्यांदा फासा पडला, पण आवळताना सुटला.

बंडप्पा हात पुढं करून वाकले.

आक्कांनी डोळे मिटले.

ते हात मागं घेऊन सरळ उभे राहिले. बाहेर गाडी आली होती, वॉर्डबॉय दोनदा डोकावून गेला. आम्ही सगळे थांबलो. आक्कांनी टोकं पुन्हा बोटांत धरली, एकावर एक घेतली, खालून ओढली, आणि गाठ बसली.